एअर पिस्तुलाचा चाप बोटाला रुततोय. घरीच घासून, गोलाई देऊन काळा करता येईल का?

नेमधरू
एक जुनं एअर पिस्तूल हाती आलंय. 4.5 मिमी, दहा मीटरवरून कागदी लक्ष्यावर मारायचं, दांडी एकदा ओढून हवा भरायची. नेमाबद्दल तक्रार नाही, तक्रार चापाची. पात्याच्या दोन्ही कडा कोऱ्या धारदार आहेत आणि मधोमध साच्याची बारीक शीर उभी आहे. ती बरोबर तर्जनीच्या पेरावर येते. सराव थोडा लांबला की बोटावर लाल रेघ उमटते. बोट टेकतं तिथला काळा रंगही उडालाय, आतला करडा धातू दिसतो.

बेत असा: शीर काढायची, कडा गोल करायच्या, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून बाटलीतलं थंड ब्ल्यूइंग (न तापवता धातू काळा करणारं रसायन) लावायचं. हाताशी सुई-कानशींचा संच, एक अर्धगोल कानस, छोटा व्हाइस आणि हातात धरायचं रोटरी टूल आहे. कानस वापरू की रोटरी? पेपर कितव्या नंबरापर्यंत न्यायचा? आणि ब्ल्यूइंग टिकतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ
बोट बदलून बघा. मधलं बोट रिकामंच असतं.

किसनकानस
कानस. विषय संपला.

बरं, संपला नाही, लिहितो. छोट्या भागाच्या कामात निम्मी लढाई तो धरण्याची असते. व्हाइसच्या दातांत थेट धरलात तर एक कड गोल होईपर्यंत दुसऱ्या बाजूवर दातांचे ठसे उमटतील. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून जबड्यांवर घाला किंवा जाड चामडं लावा. त्याहून बरं म्हणजे चापाला खिळीचं भोक असणारच. त्यात नीट बसेल असा बोल्ट घालून चाप लाकडी ठोकळ्यावर आवळा आणि ठोकळा व्हाइसमध्ये धरा. बोल्ट भोकात डुगडुगता कामा नये, नाहीतर भोक लांबट होईल आणि मग चाप आयुष्यभर हलेल.

गोलाई एका झटक्यात द्यायला जाऊ नका. आधी पूर्ण कडेवर मार्करची शाई फासा. मग 45 अंशात एक सरळ पट्टा पाडा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा. पट्टा कुठे रुंद, कुठे अरुंद आहे ते डोळ्याला लगेच कळतं, गोलाईतली चूक कळत नाही. पट्टा सारखा झाला की त्याचे दोन्ही कोपरे मोडा. आता तीन छोटे पट्टे झाले. त्यानंतर एमरी कापडाची बोटभर रुंद पट्टी दोन्ही हातांत ताणून कडेवरून आडवी ओढा. पट्टे एकमेकांत विरघळतात आणि खरी गोलाई येते.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे घेताना उचला, घासत आणू नका. दातांत खडू चोळून ठेवा म्हणजे कीस अडकत नाही. अडकलेला एकच कण शेवटच्या हाताला असा ओरखडा मारतो की परत पहिल्या पेपरवर यावं लागतं.

रोटरीप्रेमी
किसनकाका, आदर आहे, पण हे जरा जुन्या वळणाचं झालं. चापाची पुढची बाजू अंतर्वक्र असते. तिथे सपाट कानस चालत नाही आणि सुई-कानशीने करायचं तर संध्याकाळ जाते. रोटरीवर एमरीची गुंडाळी लावा, वेग कमी ठेवा, काम झालं.

किसनकानस
अंतर्वक्र बाजूला अर्धगोल कानस असते की. वक्रतेहून किंचित लहान त्रिज्येची घ्यायची, आणि पुढे ढकलताना बाजूलाही सरकवायची.

रोटरीशी वैर नाही. पण हातात धरलेलं फिरतं चाक एका जागी क्षणभर जास्त थांबलं की तिथे खळगा पडतो. घासताना तो दिसत नाही. चकाकी आली की वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पृष्ठभागावर सापासारखं वळवळतं, तेव्हा कळतं. आणि मऊ बफ (चमकवायचं कापडी चाक) भोकांच्या कडा खाऊन त्यांच्या बशा करतो. कारखान्यातून आलेला भाग आणि घरी चमकवलेला भाग लांबून ओळखू येतात ते यामुळेच.

रोटरीप्रेमी
खळगे पडतात हे मान्य. पण सगळ्यांना संयम असता तर हे यंत्र खपलंच नसतं.

वजनकाटा
हत्याराचा वाद नंतर घाला. धागालेखकांनी धातू कोणता ते सांगितलेलंच नाही! चुंबक लावून बघितलात का?

नेमधरू
आत्ताच लावला. चिकटत नाही. म्हणजे स्टेनलेस?

वजनकाटा
साच्याची शीर आहे, रंग करडा आहे, चुंबक चिकटत नाही. स्टेनलेसची शक्यता कमी. जस्ताचं मिश्रधातू ओतकाम किंवा ॲल्युमिनियम असेल. घरच्या घरी पक्कं करता येतं, फक्त 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

चाप सुटा करून कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. चाप बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा काठाला टेकणार नाही असा पाण्यात लटकवा. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. वजन भागिले आकारमान. 2.7 च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम, 6.6 च्या आसपास जस्ताचं ओतकाम, 7.8-7.9 पोलाद, 8.5 च्या आसपास पितळ. भोकात हवेचे बुडबुडे राहू देऊ नका, हलवून काढा.

चहाटळ
आणि उत्तर आलं की टबातून उठून रस्त्यावर पळायचं. कपड्यांचं तेवढं बघा.

रसायनी
वजनकाटा यांना अनुमोदन. थंड ब्ल्यूइंगचं भवितव्य याच उत्तरावर आहे.

त्या बाटलीत बहुधा सेलेनियस आम्ल आणि तांब्याचे क्षार असतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर अभिक्रिया होऊन तांबं-सेलेनियमचा काळा थर बसतो. म्हणजे ते नावापुरतं ब्ल्यूइंग. खरं ब्ल्यूइंग म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट, आणि तो लोखंडातूनच तयार होतो. स्टेनलेसवर थंड ब्ल्यूइंग बहुतेक वेळा धरतच नाही. ॲल्युमिनियम आणि जस्तावर पोलादासाठीची बाटली ओतली तर डाग पडतील, फिनिश येणार नाही.

पोलाद असलं तरी थर पातळ असतो. ओरखडे झाकायला उत्तम. पण रोज घामेजलेलं बोट टेकणाऱ्या जागी तो लवकर उडतो. चाप ही नेमकी तीच जागा.

बाटली उघडणार असाल तर हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. सेलेनियमची संयुगं विषारी असतात.

किसनकानस
रसायनाला हातमोजे हवेत, पण फिरत्या चाकाजवळ मुळीच नकोत. चाक मोजा पकडतं आणि मोज्यासकट बोट आत घेतं. दोन्हीकडे चश्मा मात्र हवाच.

चहाटळ
म्हणजे एका हातात मोजा, एक हात उघडा. ठरलं.

दहा_मीटर
नेमबाजीच्या बाजूने थोडं. स्पर्धेत उतरायचं असेल तर लक्षात ठेवा: आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचं वजन उचलूनही सुटता कामा नये. तपासणीत नळी उभी धरून चापाला वजन लटकवतात. पिस्तुलाचं एकूण वजन 1500 ग्रॅमच्या आत हवं, आणि ते 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत मावायला हवं.

कडा गोल केल्याने यातलं काही बिघडत नाही. पण पात्याचा बाक बदलून बोट टेकण्याची जागा खाली सरकली तर तरफ बदलते. समजा बोट खिळीपासून 20 मिमीवर टेकत होतं आणि ओढ 550 ग्रॅम होती. तेच बोट 22 मिमीवर गेलं की ओढ 500 वर येते. अगदी काठावर. म्हणून आकार तोच ठेवा, फक्त धार मोडा. नंतर वजन लटकवून बघा.

आणि बोटाला लाल रेघ पडण्यात कडांचा वाटा निम्माच असतो. चापावर पेराची घडी टेकते की टोकाचा मांसल भाग, तेही तपासा. घडी टेकत असेल तर मूठ हाताला मोठी किंवा लहान पडतेय. ते कानशीने सुटणार नाही.

सुरसुरी
विषय निघालाच आहे तर, चापाची ओढ हलकी करायला आतला अडकणीचा भाग (चाप ओढेपर्यंत पिस्तूल सुटू न देणारा) कोणी पॉलिश केलाय का? कितव्या नंबरच्या पेपरने करावा?

धागारक्षक
सुरसुरी, तो विषय इथे नको. या धाग्यावर फक्त एअर पिस्तूल आणि बोटाला लागणारे बाहेरचे पृष्ठभाग. आतल्या अडकणीबद्दलचे प्रतिसाद उडवले जातील. बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या हत्यारांच्या भागांना बहुतेक देशांत परवान्याचे कायदे लागू होतात, तेही इथे नको.

किसनकानस
रक्षकांचं बरोबर आहे. कारण नुसतं नियमाचं नाही. अडकणीच्या भागाला बहुधा वरवरचं पाणी दिलेलं (तापवून कठीण केलेलं) असतं. कठीण कवच मिलिमीटरच्या काही दशांशांचं, आत मऊ पोलाद. पेपरने कवच गेलं की मऊ भाग झिजत जातो आणि एके दिवशी पिस्तूल चापाला हात न लावता सुटतं. ओढ हलकी हवी असेल तर बहुतेक सामन्याच्या पिस्तुलांना समायोजनाचे स्क्रू असतात. पुस्तिका वाचा.

घड्याळजी
स्क्रू म्हटलं की मला राहवत नाही. थोडं अवांतर.

जुन्या पिस्तुलांच्या स्क्रूंच्या खाचा बघा, निम्म्यांचे ओठ फाटलेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, त्यामुळे जोर लावला की ते खाचेतून वर चढतं आणि ओठ फाडतं. समांतर टोकाचा, खाचेच्या पूर्ण लांबी-रुंदीला भिडणारा घ्यावा. नसेल तर आहे त्याचं टोक दगडावर घासून समांतर करावं.

फाटलेला ओठ लगेच कानशीने उडवायचा नसतो. ओठ म्हणजे खाचेतून बाहेर लोटला गेलेला धातू. स्क्रू ठोकळ्यात धरून छोट्या गुळगुळीत हातोडीने तो हलकेच परत खाचेकडे ठोकायचा, मग खाच सुई-कानशीने सरळ करायची. कानस आधी लावली तर तो धातू कायमचा गेला, डोकं तेवढं बुटकं झालं.

मग निळं करणं. साध्या कार्बन पोलादाचा स्क्रू असेल तर बाटलीची गरज नाही. डोकं आरशासारखं चमकवा, ॲसिटोनने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. पत्र्याच्या छोट्या थाळीत पितळेचा कीस पसरा, स्क्रू त्यात खोचा, खालून मंद आच द्या. किसामुळे उष्णता सगळीकडून सारखी लागते. सुमारे 220 अंश सेल्सियसला फिकट पिवळा, मग गडद पिवळा, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या आसपास तो गर्द निळा. जांभळ्यातून निळ्यात शिरताच उचला. पुढे गेला की राखाडी होतो आणि मग परत पेपर. हे रंग रंगद्रव्याचे नाहीत. ऑक्साइडचा पारदर्शक पडदा जाड होत जातो तसा परावर्तित प्रकाश बदलतो.

रोटरीप्रेमी
हे चापालाही करता येईल?

घड्याळजी
पोलादाचा, पाणी न दिलेला असेल तरच. पाणी दिलेला भाग 300 अंशांवर नेलात तर पाणी उतरतं. आणि जस्ताचा निघाला तर निळा रंग यायच्या आत थाळीत डबकं होऊ शकतं. ते मिश्रधातू 380-390 अंशांना वितळतं, आणि आचेवर तेवढं तापमान कधी गाठलं ते कळतही नाही.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. माझं स्प्रिंगवालं आहे, त्याचाही चाप असाच काढता येतो का?

दहा_मीटर
वाचनमात्र, स्प्रिंगच्या पिस्तुलात मुख्य स्प्रिंग सुटं करतानाही दाबात असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या खास कॉम्प्रेसरशिवाय उघडू नका. छर्रा न घालता सोडूही नका, पिस्टन थेट पुढच्या भिंतीवर आदळतो. तुमच्यासाठी सल्ला: चाप जागेवरच ठेवून, पिस्तूल न ताणता, भोवतीचा भाग चिकटपट्टीने बंद करून फक्त कड मोडा. कीस आत जाऊ देऊ नका.

नेमधरू
काटा मिळाला. नळीत काही नाही, हवा भरलेली नाही, हे दोनदा बघून चाप सुटा केला. कोरडं वजन 11.9 ग्रॅम. पाण्यात लटकवल्यावर काटा 1.8. भागाकार 6.61. म्हणजे जस्त!

वजनकाटा
काटा 0.1 चा आहे म्हणजे आकारमान 1.75 ते 1.85 मधलं. घनता साधारण 6.4 ते 6.8. तरी जस्तच. पोलाद व्हायला 1.5 यायला हवा होता.

चहाटळ
धागालेखक पळाले का रस्त्यावर?

रसायनी
तर नेमधरू, बाटली ठेवून द्या. आता रंगच द्यावा लागेल, आणि जस्तावर रंग धरणं हा स्वतंत्र खटाटोप आहे.

साधा अल्किड ऑइलपेंट थेट जस्तावर लावू नका. जस्ताच्या पृष्ठभागाशी अभिक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा थर बनतो आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. आधी अलोह धातूंना चालणारा एच प्रायमर (धातू किंचित खाऊन घट्ट धरणारा) किंवा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन भागांचा इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन रंग. एचवर इपॉक्सी चढवणार असाल तर डबा वाचा, सगळ्या जोड्या जमत नाहीत. प्रायमरआधी 400 चा पेपर फिरवून ॲसिटोनने पुसा. आरशासारखं चमकवू नका, रंगाला धरायला खरखर लागते.

भट्टीत भाजायचा रंग टाळा. ओतकामाच्या आत बारीक पोकळ्या असतात. तापवल्यावर त्यातली हवा फुगते आणि रंगाला फोड येतात.

किसनकानस
त्या पोकळ्यांबद्दल माझंही. जस्ताच्या ओतकामाची वरची त्वचा दाट असते, साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या खाली गेलात की सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडतात आणि मग कितीही पॉलिश करा, ती जात नाहीत. म्हणून शीर काढा, कडांना अर्ध्या मिलिमीटरहून कमी त्रिज्येची गोलाई द्या आणि थांबा. बोटाला तेवढी पुरते.

जस्त मऊ आहे, जाड कानस धावत सुटते. बारीक दातांची सुई-कानस, भरपूर खडू, हलका हात. पेपर 240, 400, बस. प्रत्येक नंबराला दिशा बदला. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा नंबर. रोटरीचा बफ तर विसराच. घर्षणाने तापून जस्त ओढलं जातं आणि कडा मेणासारख्या वाहतात.

रोटरीप्रेमी
हे मात्र मान्य. जस्तावर बफ नको. बाकी धातूंबद्दलचा दावा राखून ठेवतो.

सुरसुरी
एवढ्या खटाटोपापेक्षा पितळेचा नवा चापच बनवावा. पट्टी कापायची, जुना ठेवून आखायचं, भोक पाडायचं.

वजनकाटा
पितळ जड आहे हे धरलं का? 1.8 घनसेंटिमीटरचा चाप 15 ग्रॅमच्या वर जाईल.

किसनकानस
वजनापेक्षा भोकाची जागा. ती जराशी चुकली की चाप आतल्या भागाला वेगळ्या ठिकाणी भिडतो आणि आपण परत रक्षकांनी बंद केलेल्या खोलीत. मूळ चाप तुटलेला नाही, फक्त रुततोय.

नेमधरू
सर्वांचे आभार. नवा चाप नाही बनवत. शीर काढली, कडा किसनकाकांच्या पट्ट्यांच्या पद्धतीने मोडल्या. मार्करची शाई फासल्यावर कळलं की मूळ कडच वाकडी होती, एका बाजूला पट्टा रुंद पडत होता. छिद्रं उघडली नाहीत. रंगाआधी तसाच जोडून बघितला, रुतत नाही. वजन लटकवलं, 500 ग्रॅम उचलतं आणि वर थोडी जागा आहे. आणि दहा_मीटर म्हणाले ते खरं निघालं, पेराची घडीच टेकत होती. मुठीचं नंतर बघेन.

शेवटचा प्रश्न. रंगाचा थर खिळीच्या भोकात जाईल त्याचं काय?

रसायनी
भोकात लाकडी काडी घट्ट बसवून मग फवारा, आणि रंग ओला असतानाच फिरवून काढा. वाळल्यावर काढलीत तर भोकाभोवतीचा रंग तुकड्याने उचलला जातो. आत जिथे दुसरा भाग घासतो ती बाजूही चिकटपट्टीने झाका. रंग हाताला कोरडा वाटला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागू शकतो, डब्यावरचा काळ बघा. तोवर जोडू नका.

चहाटळ
आठवडाभर मधलं बोट. मी आधीच सांगितलं होतं.

दहा_मीटर
चापच सुटा असेल तर मधल्या बोटाने ओढणार काय, चहाटळ?